बाटलीवर कोणाचे नाव?

मालेगावात वाढलेल्या माझ्या पिढीला गोळी म्हटले की एकच नाव सुचे, रावळगाव. हातात पाच पैसे घेऊन दुकानासमोर उभे राहायचे आणि "काका, एक रावळगाव द्या," म्हणायचे. रावळगाव हे आमच्याच तालुक्यातले गाव. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली तिथल्या माळरानावर साखर कारखाना उभा केला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. पुढे बँकेत लागल्यावर ट्रेनिंगला गेलो, तेव्हा एका बंगाली सहकाऱ्याला रावळगाव हे गाव आहे म्हणून सांगितले. त्याचा विश्वासच बसेना. त्याला वाटत होते, हे कुणा मराठी शेठजींचे आडनाव असणार! आमच्या तालुक्यातले एक खेडे सगळा देश चघळत होता याचा त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गोळ्यांचा ब्रँड एका मोठ्या उद्योगसमूहाने सत्तावीस कोटी रुपयांना घेतल्याची बातमी आली. व्यवहार रीतसर होता, तक्रार करण्याजोगे त्यात काही नव्हते. पण बातमी वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि चहा गार होईपर्यंत बसून राहिलो. गाव जागच्या जागी राहते आणि गावाचे नाव विकले जाते, ही गोष्ट तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसालाही चटकन पचत नाही. आणि त्या वेळी मला दोन गावे आठवली. एक आमच्या जिल्ह्यातले विंचूर आणि दुसरे फ्रान्समधले सेंट-एमिलियाँ. दोन्ही गावे जुनी, दोन्हींचा वाईनशी संबंध. एका गावात मी नोकरीच्या निमित्ताने चार वर्षे येऊन-जाऊन होतो, दुसऱ्यात जेमतेम एक दिवस. पण त्या एका दिवसाने मला त्या चार वर्षांचा हिशेब पुन्हा मांडायला लावला.

मालेगावहून विंचूरला जायचे तर मनमाड, येवला करत नाशिक-औरंगाबाद रस्त्याला लागायचे. (आता त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे; रस्त्यावरचे खड्डे तेच आहेत.) मालेगाव आणि विंचूर ही तशी इतिहासातली जुळी भावंडे. आमचा मोसम नदीकाठचा भुईकोट बांधला नारोशंकर राजेबहादरांनी, तर विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे. दोघेही पेशव्यांचे सरदार, एकाच काळातले. विठ्ठल शिवदेव पानिपतावर होते आणि तिथून जिवंत परतलेल्या थोड्यांपैकी एक होते. १८१८ मध्ये इंग्रज आले, सरदारक्या गेल्या आणि गावे आपापल्या वाटेने गेली. मालेगावात पुढे उत्तरेकडून विणकर येऊन स्थिरावले. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि आता शुक्रवारी माग बंद असले की गावाच्या कानाला शांतता जाणवते. विंचूरला मात्र जमीन काळी, शेजारी लासलगाव. तिथे कांदा आला. लाल कांद्याचे ट्रॅक्टर लिलावासाठी रांगेत उभे, चहाच्या टपरीवर भावाची चर्चा, आणि भाव पडला की त्याच चौफुलीवर रास्ता रोको, हा विंचूरचा दिनक्रम मी वर्षानुवर्षे पाहिला आहे.

कांद्याच्या जोडीला द्राक्ष. नाशिक जिल्ह्यात व्यापारी द्राक्षशेतीची सुरुवात १९२५ च्या सुमारास ओझरला झाली असे मानतात. पुढे थॉमसन सीडलेस आले आणि निफाड, दिंडोरीच्या वाड्यांवर स्लॅबची घरे उभी राहिली. द्राक्ष हे पीक मोठे हट्टी. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची, आणि पीक मात्र एकदाच. मणी फुगावा म्हणून औषधात घड बुडवायचे, विरळणी करायची, आणि एवढे करून फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट आली की संपले. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर द्राक्ष बागायतदार हे 'चांगले खाते'. घेतात मोठे, फेडतात मोठे.

अशा या मुलखात २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि विंचूरला औद्योगिक विकास महामंडळाचा वाईन पार्क जाहीर झाला. त्याआधीच गंगापूर धरणाच्या बाजूला सुला कंपनीने १९९७ मध्ये वेली लावल्या होत्या आणि २००० साली त्यांच्या बाटल्या बाजारात आल्या होत्या. परदेशी शिकून आलेल्या एका तरुणाने खडकाळ माळावर हे करून दाखवले, मग आपल्या काळ्या जमिनीत काय होणार नाही, अशी हवा सगळीकडे होती. वर्तमानपत्रांनी नाशिकला 'भारताची वाईन राजधानी' म्हणायला सुरुवात केली. सरदारांचे विंचूर आता वाईनचे विंचूर होणार होते.

याच सुमारास मी निफाड तालुक्यातल्या एका शाखेत शाखाधिकारी म्हणून रुजू झालो. बँकेचे नाव सांगत नाही, सगळ्याच बँकांत तेव्हा तेच चालले होते. वरून परिपत्रके यायची, 'वाईन द्राक्षासाठी अर्थसाहाय्य वाढवावे'. मी द्राक्षाची कर्जे पुष्कळ पाहिली होती, पण वाईन द्राक्षाचा कागद हाती घेतला तेव्हा गंमत वाटली. शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यॉन, शेनिन ब्लाँ, नावे वाचतानाच जीभ वळेना. शिवाय एकरी उत्पादन कमी घ्या, चार-पाच टनांवर जाऊ नका, नाहीतर रस पातळ होतो, असे सांगणारे हे माझ्या आयुष्यातले पहिलेच पीक! मणी बारीक, साल जाड, आत बी. खायला बसलात तर बिया थुंकताना दमून जाल. बाजार समितीत त्याला कोणी हात लावणार नाही आणि बियांमुळे बेदाणाही होणार नाही. त्याला एकच गिऱ्हाईक, वायनरी.

हे शेवटचे वाक्य मी प्रकल्प अहवालात वाचले होते. त्याखाली सहीही केली होती. पण त्याचा अर्थ मला चार वर्षांनी कळला.

विंचूरजवळच्या एका वस्तीवर आमचे एक खातेदार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला पायी जायचा नेम कधी चुकला नव्हता. २००५ च्या पावसाळ्यात ते शाखेत आले आणि दोन एकर वाईन द्राक्ष लावायचे म्हणाले. एका वायनरीशी दहा वर्षांचा करार झाला होता, किलोला पंचवीस रुपये.

मी थट्टेने विचारले, "अण्णा, माळकरी माणूस तुम्ही. दारूची द्राक्षं लावणार?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, म्या द्राक्षं लावणार. त्याची दारू करायची का मनुका, ते घेणारानं बघावं. ऊस लावणारा काय मळीचा जाब देतो?"

या उत्तराने मी निरुत्तर झालो. साखर कारखान्याच्या मळीपासून काय होते हे मला, रावळगावच्या तालुक्यातल्या माणसाला, अण्णांनी सांगावे! मी साडेतीन लाखांचे कर्ज मंजूर केले. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, डॉगरिजचे खुंट. त्यावर कॅबर्नेचे कलम. हे डॉगरिज म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासकडची रानवेल. आमच्याकडे क्षार आणि पाण्याचा ताण सोसते म्हणून खुंटासाठी वापरतात. फ्रान्समध्येही एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळे कुरतडून बागाच्या बागा मारल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेल बांधूनच तिथली वाईन वाचली. म्हणजे बोर्दोच्या वेलीचे पाय आणि विंचूरच्या वेलीचे पाय दोन्ही अमेरिकन, हे मला फार नंतर कळले.

२००८ च्या फेब्रुवारीत पहिले चांगले पीक आले. वायनरीचा माणूस खिशातून दुर्बिणीसारखे एक यंत्र काढून मण्याचा थेंब त्यावर टाकायचा आणि साखर मोजायचा. ट्रक आला, माल गेला, पैसे आले. अण्णा पेढे घेऊन शाखेत आले. आणि मग त्याच वर्षी जग फिरले. अमेरिकेत बँका बुडाल्या, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाईन पिणारे सगळे मुंबई, दिल्ली, गोव्याच्या हॉटेलांत, तिथली मागणी आटली. वायनऱ्यांच्या टाक्या आधीच्या वर्षीच्या वाईनने भरलेल्या. २००९ ला वायनरीने अर्धा माल उचलला आणि त्याचे पैसे थकवले. त्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला, डावणीने घड काळे पडले. जे राहिले ते २०१० च्या फेब्रुवारीत पिकले, आणि ट्रक आलाच नाही.

मी एका रविवारी वस्तीवर गेलो. घड वेलीवरच सुकत होते, मधमाश्यांचा आवाज येत होता. अण्णा बांधावर बसले होते. करार दहा वर्षांचा होता. पण वायनरीच्या फाटकाला कुलूप होते आणि कराराचा कागद कुलूप उघडत नाही. थॉमसन असते तर पडेल भावाने का होईना बाजारात गेले असते. हे कोण घेणार? त्यांनी चार पाट्या गायीपुढे टाकून पाहिल्या होत्या. "ती बी तोंड फिरवती," म्हणाले.

एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या दिवसांत त्यांनी छाटणी केली नाही. पहार घेऊन वेली मुळापासून काढल्या. लोखंडी अँगल विकून पहिला हप्ता भरला. केंद्राची २००८ ची कर्जमाफी होती, पण ती ३१ डिसेंबर २००७ ला थकीत असलेल्यांना. अण्णांचे खाते त्या दिवशी नियमित होते. नियमित फेडणाऱ्याला माफी नाही, हे त्यांना समजावून सांगण्याचे काम माझे होते, आणि ते मी केले. त्यांनी पुढच्या सहा वर्षांत कांद्यावर ते कर्ज फेडले. एक शब्द मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर माझी बदली झाली आणि २०१८ ला निवृत्त झालो. मुलगी तुलूजला विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्याकडे गेलो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर द्राक्षांची कर्जं दिलीत, एकदा खरं वाईनचं गाव बघा." बोर्दोहून गाडीने चाळीस मिनिटांत सेंट-एमिलियाँ. स्टेशन खाली, गाव टेकडीवर, मधली वाट द्राक्षबागांतून जाते. गाव केवढे? दोन हजारही वस्ती नाही. गल्ल्या इतक्या चढाच्या की आधाराला कठडे लावले आहेत. आठव्या शतकात एमिलियाँ नावाचा एक साधू इथल्या गुहेत येऊन राहिला. त्याच्या मागे तिथल्या चुनखडकातच अखंड चर्च कोरले गेले. वेरूळचे कैलास पाहिलेल्या माणसाला आकाराचे नवल वाटत नाही, पण डोक्यावर गाव आणि पोटात देऊळ हा प्रकार पाहून मी थबकलो. गावाच्या इमारती त्याच पिवळसर दगडाच्या. भट्टीजवळच्या एका दुकानात बदामाची बिस्किटे मिळतात. ती म्हणे सतराव्या शतकात इथल्या जोगिणींनी करायला सुरुवात केली.

पण मला गुंतवले ते दुसऱ्याच गोष्टीने. इथे ११९९ साली इंग्लंडच्या राजाच्या सनदेने गावकऱ्यांचे एक मंडळ स्थापन झाले, त्याला ज्युराद म्हणतात. गावचा कारभार आणि वाईनची पारख दोन्ही त्यांच्याकडे. वाईन वाईट निघाली तर तिला गावाचे नाव लावू द्यायचे नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत हे मंडळ बुडाले, १९४८ ला पुन्हा उभे राहिले. आजही सप्टेंबरात लाल झगे घालून ही मंडळी जुन्या बुरुजावर चढतात आणि द्राक्षतोडणी सुरू झाल्याचे जाहीर करतात. आपल्याकडचा गावपाडवाच जणू. १९३६ पासून कायदाही झाला. त्या शिवाराबाहेरच्या द्राक्षाची वाईन सेंट-एमिलियाँ म्हणून विकता येत नाही. बडे जमीनदार आपल्या वाड्याचे नाव बाटलीवर लावतात, पण त्याच्या खाली गावाचे नाव असतेच. आणि ज्यांच्याकडे वाडा नाही, त्या लहान शेतकऱ्यांनी १९३० च्या मंदीच्या काळात सहकारी संस्था काढली. आपली द्राक्षे तिथे नेतात, वाईन संस्था करते, बाटलीवर गावाचे नाव. १९९९ मध्ये युनेस्कोने हे गाव शिवारासकट जागतिक वारसा म्हणून नोंदवले, म्हणजे इमारती जेवढ्या वारसा तेवढीच शेते.

मुलीच्या आग्रहाने एक घोट घेतला. तुरट लागला. मला वाईनची चव कळत नाही, कर्जाची कळते. मी बाटली हातात घेऊन नाव वाचत बसलो. आमच्या विंचूरच्या द्राक्षाची वाईन ज्या बाटल्यांत गेली, त्यांवर कंपनीचे नाव होते. एखाद्या राजाचे, एखाद्या परीचे, इंग्रजी फुलाचेही होते. विंचूर कुठेही नव्हते. अण्णा त्या धंद्यात माल पुरवणारे होते, धनी कधीच नव्हते. आणि मी, सहकाराच्या नाशिक जिल्ह्यात वाढलेला बँकवाला, प्रकल्प अहवालात हा प्रश्न विचारायचे मला सुचलेही नाही, की एकच गिऱ्हाईक असलेले पीक शेतकऱ्याला देताना त्याचा त्या गिऱ्हाइकावर काय हक्क राहील? रक्कम तपासली, तारण तपासले, हा हक्क तपासला नाही.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. गावाचे नाव बाटलीवर आले म्हणजे सगळे सुखी, असे नाही. बोर्दो भागातही वाईनचा खप घटला. २०२३ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो हेक्टर वेली उपटण्यासाठी सरकारकडे मदत मागितली आणि हेक्टरी सहा हजार युरो मिळतील अशी योजना झाली. वेल उपटण्याचे दुःख तिथेही तेच असणार. फरक इतकाच, की उपटण्याच्या खर्चात तिथे सरकार आणि धंदा दोघांनी वाटा उचलला. आमच्याकडे पहार अण्णांची, घाम अण्णांचा, व्याजही अण्णांचेच.

आणि आमच्याकडेही सगळेच बुडाले असे नाही. नाशिकच्या वाईनने तग धरला. सुला २०२२ च्या डिसेंबरात शेअर बाजारात आली, दिंडोरीला फ्रान्समधल्या बड्या कंपनीने शांदों नावाने कारखाना काढला, शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या गाड्या गंगापूरकडे वळतात. नाशिक व्हॅली या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसे लासलगावच्या कांद्यालाही. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटांतून वाईन विकायचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. वाईन दारू की शेतमाल, यावर महिनाभर वाद झाले. त्या साऱ्या वादात मी एक प्रश्न शोधत होतो, तो कोणी विचारला नाही. बाटली सुपरमार्केटात गेली काय किंवा न गेली काय, द्राक्ष पिकवणाऱ्याला त्यात किती आणे? आणि धंदा बसला तर त्याचे काय?

गेल्या माघात विंचूरला गेलो. अण्णा आता ऐंशीच्या पुढे. त्या दोन एकरांत आता कांदा आहे आणि मुलाने बाजूला टेबल द्राक्ष लावले आहे. मी फोनवर सेंट-एमिलियाँचे फोटो दाखवले. लाल झगेवाले पाहून ते म्हणाले, "वारकरीच दिसत्यात." मग चष्मा सावरून बाटलीचा फोटो जवळ धरला.

"हितं कुणाचं नाव हाय?"

"गावाचं, अण्णा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग बरंय. कंपनीला कुलूप लागतं. गावाला कुठं कुलूप लागतंय?"

मी त्यांना बोर्दोच्या वेली उपटल्याचे सांगणार होतो. नाही सांगितले. निघताना पणतू माझ्या भोवती घुटमळत होता, म्हणून खिशातली रावळगाव त्याच्या हातावर ठेवली. त्याने कागद सोडवून गोळी तोंडात टाकली आणि कागद माझ्या हातात दिला. त्यावर अजून नाव रावळगावचेच आहे. गावातल्या कुणाचा त्यावर आता हक्क नाही, एवढेच. अण्णांच्या अंगणात तो कागद टाकवेना. घडी घालून परत खिशात ठेवला.